एका वडीची टाकी

वाळूवर ते तपकिरी पहिल्यांदा दिसलं तेव्हा काटाबाईला नुसता राग आला होता. भीतीला अजून वेळ होता. खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या तळाशी पांढरी वाळू होती आणि तिच्या एका कोपऱ्यात, कोणी दालचिनीची पूड सांडावी तसा, पातळ थर बसला होता. तिने वाकून पाहिलं, नळी लावून तेवढा थर ओढून बादलीत काढला आणि हात धुऊन कामावर गेली. संध्याकाळी येऊन बघते तर थर जागच्या जागी, वर काचेवरही चढलेला.

"निर्लज्जच आहे मेलं," असं ती त्या शेवाळाला तोंडावर म्हणाली.

काटाबाई हे तिचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, वाफेत निर्जंतुक करण्याचा विभाग होता. तिथे ती मोजणीच्या टेबलावर होती. ट्रेमध्ये किती कात्र्या, किती चिमटे, हे तिने एकदा पाहिलं की पुन्हा कोणी पाहायचं नाही. तिचा आकडा चुकत नाही म्हणून कोणीतरी थट्टेने तिला वजनाच्या काट्याचं नाव दिलं आणि ते चिकटलं. पुढे ते घरीही पोचलं. नवरा खुशीत असला की तिला काटाबाई म्हणायचा, आणि सासूबाई नाखूश असल्या की.

घरात माणसं ही तीनच. नवरा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. इमारतीच्या तळमजल्यावरच त्याचं वर्कशॉप होतं, त्यामुळे दिवसभर त्याचं वर-खाली चालायचं. सासूबाईंची ऐंशी उलटली होती. गुडघे गेले होते, पण डोकं शाबूत होतं. कोणाच्या लग्नात कोण काय बोललं ते त्या अजून त्या-त्या माणसाच्या आवाजात ऐकवायच्या. आणि हॉलमध्ये सोफ्यासमोर ती टाकी. ज्या वर्षी काटाबाईची आई गेली त्या वर्षी तिने ती घेतली. का घेतली, ते कोणी विचारलं नाही. दोन नारिंगी क्लाऊनफिश, स्वतःला टाकीचा मालक समजणारा एक पिवळाधमक मासा, लांब मिशांचा एक झिंगा, आणि खडकांवरचं शेवाळ खाऊन पोट भरणाऱ्या गोगलगाई, एवढा त्यातला संसार.

टाकीचा नियम एकच होता आणि तो काटाबाईनेच घातला होता: खायला घालणारा हात एकच, तिचा. खाऱ्या पाण्यातले मासे उपाशी राहून क्वचित मरतात, जास्त खाणं पडून मात्र हमखास. उरलेलं तळाशी कुजतं आणि पाणी बिघडतं. म्हणून रोज सकाळी निघण्याआधी ती फ्रीजरमधून गोठवलेल्या कोळंबीची एक छोटी वडी काढायची आणि प्लॅस्टिकच्या कपात टाकीतलंच पाणी घेऊन त्यात विरघळवायची. मग टाकीचा पंप बंद करायचा, म्हणजे खाणं प्रवाहात वाहून जात नाही. थोडं थोडं घालायचं. पंप पुन्हा सुरू करायचा आणि पर्स उचलायची. एक वडी. नवऱ्याला त्या कोळंबीच्या वासाने मळमळायचं, आणि सासूबाईंनी तर टाकी आली त्या दिवशीच जाहीर केलं होतं की माणसांचं करता करता कंबर मोडली, आता माशांचं करायला मी काही रिकामी नाही.

आठवडाभर तिने शेवाळ काढलं आणि आठवडाभर ते परत आलं. तेव्हा ती टाकीवाल्याकडे गेली. माशांच्या टाक्यांचं त्याचं दुकान एका अरुंद बोळात होतं, आत सगळा निळा उजेड आणि पाण्याची गुरगुर. माणूस बोलका, पण बोलताना समोरच्याकडे न बघता टाक्यांकडे बघायचा.

"टाकी नवी आहे का?" त्याने विचारलं.

"नाही हो, जुनी आहे. इतकी वर्षं कधी काही झालं नाही."

"नव्या टाकीला हे होतंच, ताई. बाळाला दात येतात तसं, येतं आणि जातं. पण जुन्या टाकीला आलं ना, तर त्याचं पोट कोणीतरी भरतंय असं समजायचं. एक तर पाण्यातून येत असेल, नाहीतर दिवा जास्त चालत असेल, नाहीतर मग खाण्यातून."

काटाबाईने तिन्ही गोष्टी शिस्तीने हातात घेतल्या. पाण्याच्या गाळणीची कांडी बदलली. दिवा कमी वेळ ठेवला. गोगलगाई वाढवल्या, पाणी बदललं, खडकांच्या कपारी जुन्या टूथब्रशने घासल्या. खाण्याचा प्रश्न तिच्यापुरता नव्हताच, कारण ते तिच्या हातात होतं. वाळू चार दिवस पांढरी राहिली. पाचव्या दिवशी तपकिरी थर खडकांवर चढला, आणि सासूबाई टाकीकडे बघून चक्क काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेला ती टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन गेली. टाकीवाल्याने ते काचेच्या नळीत ओतलं, तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकले, हलवलं. पाणी गडद झालं. या वेळी त्याने तिच्याकडे बघितलं.

"खायला किती घालता?"

"एक वडी. सकाळी."

"रोज एकच?"

"एकच."

"वाईट वाटून घेऊ नका, पण ही एका वडीची टाकी नाही. दोन नाहीतर तीन पडतायत. घरात विचारून बघा, कोणीतरी वरून हात मारतंय."

घरी येऊन तिने विचारलं. सासूबाई टीव्हीसमोर होत्या. "मी?" त्या म्हणाल्या, "मला त्या बर्फाच्या कप्प्याला हात लावला की बोटं आखडतात." आणि पुन्हा टीव्हीकडे वळल्या. नवरा जेवायला वर आला तेव्हा त्यालाही विचारलं. "छे गं, मी कशाला घालू?" तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले. लग्न झाल्यापासून काटाबाईला ते कान पाठ होते. काही लपवायचं असलं की ते पेटायचे. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्याची नजर तिच्यावर होती, आणि त्या नजरेत चोरी नव्हती. कीव होती.

तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. म्हणजे याला काहीतरी दिसलंय. याने मला पाहिलंय. मी एकदा घालते, विसरते आणि पुन्हा घालते, आणि हा बघतो आणि बोलत नाही.

ही शंका तिला इतक्या चटकन यावी याला कारण होतं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं, भाजीतल्या मिठापासून. आई मीठ घालायची आणि थोड्या वेळाने पुन्हा घालायची. ताटावर सगळ्यांची तोंडं वाकडी व्हायची आणि आई छातीवर हात ठेवून सांगायची, "मी एकदाच घातलंय, खरंच." ती खोटं बोलत नव्हती, हेच सगळ्यात भयंकर होतं. घरात मग रोज तेच. दोनदा घातलंस, आई. अगं, विसरलीस, आई. ते ऐकून आईचा चेहरा रोज नव्याने पडायचा, कारण तिच्यापुरतं ते रोज पहिल्यांदाच असायचं. शेवटी शेवटी काटाबाई तिची वेणी घालत असताना आई आरशातून तिच्याकडे बघून म्हणाली होती, "तू कोण गं? फार चांगली आहेस हो." तेव्हा आईचं जे वय होतं ते काटाबाईपासून आता फार लांब नव्हतं, आणि मिठाचं सुरू झालं तेव्हाचं वय तर तिने गाठलंच होतं.

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. आज सकाळी मी खायला घातलं का? हो, घातलं, कप धरलेला हात तिला दिसायचा. पण तो आजचा हात की कालचा? रोज तोच कप, तोच हात, तोच निघायच्या घाईचा क्षण. एकसारख्या सकाळींच्या गठ्ठ्यातून एक सकाळ ओढून काढायला जावं तर हाताला काहीच लागत नव्हतं. तसं पाहिलं तर हे कुणालाही लागणार नाही. सकाळी दात घासलेले कुणाला आठवतात? पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार, आणि तिने तर कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

त्यात सासूबाई गोड झाल्या होत्या. आयुष्यभर या बाईने सुनेला टोमण्यांशिवाय चहा दिला नव्हता, आणि आता भाजी करपली तरी म्हणायच्या, "असू दे, होतं असं." काटाबाईच्या हातून पेला फुटला तर म्हणाल्या, "राहू दे गं बाळा, मी उचलते." बाळा! काटाबाईचं धाबं दणाणलं. घरात सगळ्यांना कळलंय, मलाच कळलेलं नाही, असं तिला वाटलं, आणि तिने ते काचेचे तुकडे हाताला लागेपर्यंत गोळा केले.

कामावर तिची आणखी वाईट अवस्था. मोजून बांधलेल्या प्रत्येक ट्रेवर त्या विभागात एक चिकटपट्टी लावायचे. तिच्यावर फिकट रेघा असायच्या, आणि ट्रे वाफेतून नीट निघाला की रेघा काळ्या व्हायच्या. रेघ काळी म्हणजे काम झालं. कोणाला काही आठवायची गरज नाही. ती त्या पट्टीकडे बघत बसायची. माशांना घातलं की आपल्या कपाळावर अशी एक रेघ उमटली असती तर किती बरं झालं असतं.

एके दुपारी तिने एक ट्रे मोजला, आकडा बरोबर आला, तिने सही केली, बांधला. मग हात थांबला. मोजला ना मी? की मोजला असं मला वाटतंय? तिने कापड सोडलं, पुन्हा मोजला. बरोबर. बांधला. थोड्या वेळाने तो पुन्हा सोडला. तिच्या डोळ्यांसमोर एक उघडं पोट येत होतं, त्यात राहून गेलेला एक चिमटा, आणि शिवण घालणारे डॉक्टर विचारतायत, मोजणी कोणाची होती?

"काटाबाई," इनचार्ज सिस्टर मागून म्हणाल्या, "तो ट्रे तुम्ही किती वेळा बांधणार आहात? वरून दोनदा फोन आला."

"खात्री करत होते, सिस्टर."

"खात्री करायची असली की आम्ही तुमच्याकडे येतो. तुम्ही कुणाकडे जाणार?" सिस्टर हसल्या. काटाबाईला हसू आलं नाही.

शेवटी तिने स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका सकाळी फ्रीजरमधला, गोळ्यांच्या पाकिटासारखा वड्यांचा पत्रा काढून पाहिला. वरची ओळ पूर्ण भरलेली होती. मग तिने जाणूनबुजून माशांना काही घातलं नाही. पिवळा मासा काचेला तोंड लावून तिच्याकडे बघत राहिला, तिने त्याला "आज नाही" असं स्पष्ट शब्दांत सांगितलं, म्हणजे निदान ते वाक्य तरी लक्षात राहील. स्टुलावर चढून कप कपाटाच्या वर, मागे ढकलून ठेवला. आणि घराबाहेर पडली. दिवसभर स्वतःला बजावत राहिली: कप वर आहे, मी घातलेलं नाही. कप वर आहे, मी घातलेलं नाही.

संध्याकाळी ती आली तेव्हा कप मोरीपाशी उपडा होता, ओला. वरच्या ओळीतल्या दोन वड्या गेल्या होत्या. मासे तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. पोटं भरलेली होती.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. कप मी वर ठेवला होता. ठेवला होता, की ठेवायचं ठरवलं होतं? स्टूल ओढल्याचा आवाज तिला आठवत होता. पण आईलाही सगळं आठवायचंच की. आईला तर कधीच न घडलेल्या गोष्टीही बारकाव्यांसकट आठवायच्या.

नवरा वर आला आणि दारातच थबकला. "काय झालं गं?"

"चक्कर आली."

त्याने तिला उठवलं, चहा केला, साखर जास्त घातली. काही विचारलं नाही. त्याने एकदा जरी विचारलं असतं तरी ती तेव्हाच सगळं बोलून मोकळी झाली असती.

त्यानंतर दोनच दिवसांनी ती कामावरून आली आणि दार उघडताच तिला चुकल्यासारखं झालं. घर शांत होतं. इतकं शांत ते कधीच नसायचं, कारण टाकीचा पंप रात्रंदिवस घुमायचा. ती पर्ससकट धावली. पंपाचं बटण बंद. पाणी साचल्या डबक्यासारखं निपचित, शेवाळाच्या तपकिरी तारा त्यात सरळ उभ्या. दोन्ही क्लाऊनफिश वर येऊन तोंड उघडत-मिटत होते. पिवळा मालक खडकाला टेकून कलंडला होता, कल्ले भराभर हलत होते. झिंगा वाळूवर आडवा पडला होता आणि त्याच्या मिशा हलत नव्हत्या.

तिने बटण दाबलं. बादलीने टाकीतलं पाणी उपसून वरून पुन्हा टाकीतच ओतायला लागली, हवा मिसळावी म्हणून, ओतत राहिली, फरशी भिजली, साडी भिजली. आवाजाने सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. खालून नवराही आला, हातात अजून सुईदोरा. आणि काटाबाई बादली हातात धरूनच रडायला लागली.

"मला आईचं झालंय," ती म्हणाली. "मला माहीत आहे तुम्हाला कळलंय. मी दोनदोनदा खायला घालते आणि मला आठवत नाही. आज पंप बंद करून तशीच गेले. उद्या एखाद्याच्या पोटात चिमटा जाईल. मी नोकरी सोडते. ही टाकी त्या टाकीवाल्याला देऊन टाका. मला भीती वाटते हो, मला फार भीती वाटते."

नवऱ्याने बादली तिच्या हातातून काढून घेतली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"अगं, तू नाही," तो म्हणाला. "दोनदा तू नाही घालत. मी घालतो. तू गेलीस आणि आई आंघोळीला गेली की वर येऊन एक वडी घालतो रोज."

"तू घालतोस?" सासूबाई ओरडल्या. "मग मी कशाला मरायला रोज दुपारी घालते?"

"तू? तुला तर बोटं आखडतात!"

"आखडतात! तरी घालते! आणि तुला वासाने ओकारी येते ना?"

"नाकाला रुमाल बांधून घालतो! आणि परवा तो कप कपाटावर कोणी टाकला होता? मी अख्खं घर पालथं घातलं."

काटाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. एक वडी तिची, एक नवऱ्याची, एक सासूबाईंची. तीन वड्या! टाकीवाल्याने नळीत बघून सांगितलं ते बरोबर निघालं होतं. कप तिनेच वर ठेवला होता. वड्या तिने काढल्या नव्हत्या. तिचं डोकं जागेवर होतं! तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. ती ओल्या सोफ्यावर बसून पोट धरून हसली, सासूबाईही हसायला लागल्या, नवरा तोंडावर हात धरून. महिन्याभराचं ओझं छातीवरून उतरलं होतं. नाकाला रुमाल बांधलेला नवरा डोळ्यांसमोर आला की ती पुन्हा हसायची.

"काय माणसं आहात हो!" ती डोळे पुसत म्हणाली. "माझा जीव जायची वेळ आली होती. आणि पंप? तो कोणी बंद ठेवला?"

नवऱ्याने आईकडे बघितलं. आईने त्याच्याकडे.

"मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "मी वडी टाकतो आणि पळतो. आज पाणी शांत दिसलं, मला वाटलं तूच काहीतरी केलं असशील."

"मला तर कानाचं यंत्र लावल्याशिवाय तो पंप ऐकूही येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे पंप तिचाच. असू दे, एखादं बटण कुणाचंही राहतं. काटाबाईने ओला पदर पिळला, आणि पिळता पिळता तिला खरा प्रश्न सुचला. तो इतका साधा होता की आधीच सुचायला हवा होता.

"पण तुम्ही घालायला लागलातच का?" तिने विचारलं. "मी घालत होते ना रोज."

पंप घुमत होता.

"अहो, बोला ना."

नवरा तिच्यासमोर फरशीवर बसला, पाण्यातच. "एकदा मी तुझ्या मागोमाग वर आलो," तो म्हणाला, "तर कप इथेच, वडी विरघळून गेलेली. तू घालायला घेतलंस आणि तशीच निघून गेली होतीस. मला वाटलं, घाई असेल. मग दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. त्या वेळी तर तू मला म्हणालीस, आज पिवळ्याने किती खाल्लं बघितलंत का. आणि तू कप भरलेला तसाच मोरीत ओतला होतास. मी बघत होतो."

"मला नाही आठवत."

"रोज नाही होत. मधूनमधून. कोणत्या दिवशी ते कळत नाही, म्हणून मी रोजच घालतो."

"मग मला सांगायचं नाही का?" काटाबाईचा आवाज चढला. "सरळ सांगायचं! लपवायचं कशाला? मी विचारलं तेव्हा तोंडावर नाही म्हणालात!"

नवऱ्याने तिचा हात धरला.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "इथेच बसलो होतो. तू खूप रडलीस. मग तूच मला शपथ घातलीस. म्हणालीस, आईला आम्ही रोज सांगायचो आणि ती रोज नव्याने घाबरायची. माझं तसं करू नका. मी विसरले तर गुपचूप खायला घाला, आणि मी विचारलं तरी नाही म्हणा. आणि तुमच्या आईंना कळू देऊ नका, म्हणालीस."

काटाबाईने सासूबाईंकडे बघितलं. म्हातारी भिंतीला टेकली होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"मलाही," सासूबाई म्हणाल्या. "मी पण तुला सांगितलं होतं, बाळा. एका दुपारी, तुला सुट्टी होती. मलाही अगदी हीच शपथ घातलीस. ह्यांना सांगू नका, म्हणालीस. ते खचतील."

काटाबाईने शोधलं. मनाचा कोपरा न् कोपरा तिने झाडून काढला. इथे, या सोफ्यावर, आपण रडलो. एकदा नवऱ्याजवळ, एकदा सासूजवळ. शपथ घातली. त्यातला एक शब्द, एक हुंदका, काही म्हणजे काही सापडेना. ट्रे उघडावा आणि आत नुसतं स्वच्छ कापड असावं, तसं. इतक्या दिवसांची भीती याच्यापुढे काहीच नव्हती. तेव्हा निदान शंका तरी होती.

पिवळा मासा सावरून उभा राहिला होता. झिंगा तसाच पडला होता.

"फोन द्या," शेवटी ती म्हणाली. नवऱ्याने दिला. तिने तो हातात धरला आणि परत त्याच्याकडे दिला. "नको, तुम्ही लावा. इनचार्ज सिस्टरना सांगा की उद्यापासून मला मोजणीवर बसवू नका. का, तेही सांगा. सगळं सांगा. आणि डॉक्टरची वेळ तुम्ही घ्या, मी घेते म्हटलं तरी."

"घेतो."

"आणि आता दोघंही ऐका. आधीची शपथ मोडली. मी विसरले की मला सांगायचं. मी रडले तरी सांगायचं, मी चिडले तरी सांगायचं. मी पुन्हा कधी म्हटलं की सांगू नका, तर माझं ऐकायचं नाही."

सासूबाईंनी मान हलवली. नवऱ्यानेही. तो नंबर लावायला लागला, आणि तेवढ्यात तिने त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"हे मी आधी कधी म्हटलं होतं का?" तिने विचारलं. "हेच, आत्ताचं?"

"नाही," तो म्हणाला. "हे आज पहिल्यांदाच."

तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसरं करण्यासारखं तिच्या हातात काही नव्हतं.